फासा आणि झंबील

आमच्या कदीम जालन्यातल्या घरात गेल्या महिन्यात एका फाशावरून दोन दिवस अबोला होता. फासाही साधा नाही, वीस बाजूंचा. एकीकडे अम्मी, दुसरीकडे अकरावीतला माझा मुलगा, आणि मधल्या मध्ये मी.

झाले असे की, मुलाने ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही २०१६ साली आलेली अमेरिकन मालिका पाहिली. तिच्या पहिल्याच भागात चार मुले टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. खेळ खरा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ मध्ये अमेरिकेत काढला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रे होतात. कुणी शिपाई, कुणी चोर, कुणी जादूगार. “समोर दार आहे, कुलूप आहे. काय करता?” एखादा म्हणतो, मी तोडतो. मग फासा पडतो. आकडा मोठा आला तर दार तुटते, लहान आला तर पहारेकरी जागे होतात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. गोष्ट पुढच्या बैठकीत पुढे सरकते.

मुलाने तीन मित्र जमवले. इंग्रजी पुस्तक जड गेले, म्हणून त्यांनी आपल्या ओळखीचाच किल्ला घेतला, दौलताबाद. शाळेच्या सहलीत पाहिलेली अंधारी, म्हणजे डोंगरातून वर चढणारा तो काळोखा, वळणावळणाचा रस्ता, त्यांना आयताच मिळाला. भाषा अर्धी दखनी, अर्धी मराठी. रविवारी दुपारी चौघे ओरडतात, मोसंबी खातात, साली टेबलावरच टाकतात. पण चौघांचेही मोबाईल खिशात असतात, हे मी आधी पाहिले आणि गप्प राहिलो.

अम्मीने मात्र फासा पाहिला. जुगाराची चीज या घरात चालणार नाही, म्हणाल्या. “पण दादी, पैसे कुठे लावलेत?” मुलगा बरोबर बोलत होता, पण अम्मीचे म्हणणेही पोकळ नव्हते. नर्द या फाशांच्या खेळाची कडक निंदा सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये आहे, आणि पैज नसली तरी फासे टाळावेत असे अनेक उलेमा सांगतात. मी आलिम नाही, म्हणून मशिदीत इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, फासा घरात ठेवू नका, आणि नमाज व अभ्यासाची वेळ खेळाला देऊ नका.

दुसरी गोष्ट मुलापेक्षा मलाच जास्त लागली. २०२० च्या रमजानमध्ये लॉकडाऊन होता आणि उर्दूत डब केलेली ‘अर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका यूट्यूबवर येत होती. मी सहरीपर्यंत भागामागून भाग पाहायचो आणि फज्रला डोळे मिटायचे. त्याच्या आधी २०१४ मध्ये ‘ज़िंदगी’ चॅनेल सुरू झाले, तेव्हा ‘ज़िंदगी गुलज़ार है’ आणि ‘हमसफ़र’साठी आमच्याकडे जेवण लवकर उरकायचे. निदान तेव्हा सगळे एकाच टीव्हीसमोर बसत. आता बायकोच्या कानात वेगळी मालिका, मुलीच्या कानात वेगळी. शौकीन सगळेच, पण कोण काय पाहून रडले ते दुसऱ्याला कळत नाही. अशा घरात मुलाला कोणत्या तोंडाने रागावणार?

मुलानेच तोड काढली. फासा मित्राकडे परत गेला आणि बडीशेपेच्या डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या आल्या. माझ्या मनात आले, हा दुसऱ्या कपड्यातला फासाच की! पण अम्मी म्हणाल्या, “चिठ्ठी काढून तर आम्ही भिशीचा नंबरसुद्धा काढतो.” मी वाद वाढवला नाही.

मागच्या रविवारी पोरे अंधारीत अडकली. पुढे पहारा, मागे आग, आणि सामान इतके की पळता येईना. अम्मी पलंगावर तस्बीह घेऊन बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, “अमर अय्यारची झंबील नाही का तुमच्यात कुणाकडे?”

चौघे वळून बघू लागले. मग अम्मींनी सांगितले. त्यांचे वडील कंदिलाच्या उजेडात दास्ताने अमीर हमजा वाचून दाखवत. त्यातल्या अमर अय्यारच्या झोळीत, म्हणजे झंबीलमध्ये, काहीही मावते, अख्खी शहरेसुद्धा. अय्यार वेश बदलतो, पहारेकऱ्याला बेशुद्ध करतो, झोळीत टाकतो आणि चालू लागतो. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने या दास्तानीचे ४६ खंड छापले होते. अमेरिकन खेळातही अशीच एक पिशवी आहे, ‘बॅग ऑफ होल्डिंग’. मुलाला ती पुस्तकातून ठाऊक होती. दादीला तिची थोरली बहीण ठाऊक असेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हते.

त्यातल्या एका पोराने लगेच आपला चोर खोडून वहीत ‘अय्यार’ लिहिले. झंबीलसाठी चिठ्ठी काढली, तर आली ३. पहारेकरी शुद्धीवरच राहिला.

“मग आता?” अम्मींनी विचारले. तेवढ्यात असरची अजान झाली आणि पोरे उठली.

तेव्हापासून अम्मींनी मला दोनदा विचारले आहे, हा रविवार किती तारखेला येतो.