पायाची पदवी

आमची भाची अमेरिकेत पोडिअ‍ॅट्रिस्ट, म्हणजे नुसती पायांची डॉक्टर. ४ वर्षे कॉलेज, ३ वर्षे रेसिडेन्सी. आणि आता आणखी १ वर्षाची फेलोशिप, पाय वाचविण्याची!

"दोन पावलांसाठी आठ वर्षे?" मी थट्टा केली.

ती हसली नाही. "मामा, मोजे काढा. डोळे मिटा. लागलं की सांगा."

मी वाट पाहत राहिलो. डोळे उघडले, तर १० ग्रॅम दाबाला वाकणारा तो नायलॉनचा तंतू ती डबीत ठेवीत होती. अंगठ्याला टेकलेला मला कळलाच नव्हता.

मधुमेहाला माझ्या बारा वर्षे झाली. साखर मोजतो, श्रीखंड चोरून खातो. तळवा कधी पाहिला नाही. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही, जखम चिघळते, आणि रक्त पोचत नसेल तर भरत नाही. म्हणून तिला रक्तवाहिन्यांच्या सर्जनशेजारी उभे राहून शिकायचे : रक्त पोचवायचे, मेलेले मांस काढायचे, बोट गेले तरी टाच राखायची.

१९९८ साली आमच्या अण्णांचा पाय गुडघ्याखालून गेला. "कापा" म्हणणारे डॉक्टर होते. "थांबा, पाहू" म्हणणारे कोणी नव्हते.

यंदा अभ्यंगस्नानानंतर बायकोने माझ्या बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या पुसल्या.