‘ती अशीच आहे’ म्हणण्याआधी

आमच्या शेजारच्या वहिनींची धाकटी लेक चौदा वर्षांची, जन्मापासून डाऊन सिंड्रोम असलेली. मी शाळेतून आले की माझी पिशवी घ्यायला दारात उभी! गेल्या पावसाळ्यात ते बंद झालं. सारखी झोपलेली, अंग जड, पोट साफ नाही. वहिनी म्हणाल्या, “अहो, ती अशीच. वाढत्या वयाबरोबर मंदच होणार.” मलाही ते पटलं, हे कबूल करते. पण डॉक्टरांनी रक्त तपासलं तर थायरॉईड फारच कमी निघालं. गोळी सुरू झाली आणि दोन-अडीच महिन्यांनी माझी पिशवी पुन्हा तिच्या हातात आली.

या मुलांच्या पेशींत बहुधा एकविसावं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा असतं, हे १९५९ साली फ्रान्समध्ये कळलं. रोगप्रतिकारशक्तीला चेतवणारी काही जनुकं त्याच गुणसूत्रावर असतात. त्यामुळे ही शक्ती, जणू राखणदारानं घरच्यांवरच काठी उगारावी तशी, आपल्याच शरीरावर उलटते. गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीला याचा त्रास सर्वांत जास्त. काहींना चाई पडते, काहींना लहानपणीच इन्सुलिन लागणारा मधुमेह होतो. काहींना गहू सोसत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, वजन वाढत नाही. आपण मात्र ‘खाण्याचे नखरे’ म्हणून रागावतो.

म्हणून थायरॉईडची तपासणी जन्मतः, सहाव्या महिन्यात, वर्षाला आणि पुढे दरवर्षी करावी, तब्येत ठीक दिसली तरी! गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर द्यावी. चहा-दूध अर्ध्या तासानं. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं.

आणखी एक, जरा भीतीचंच. अर्धांगवायू म्हाताऱ्यांनाच होतो असं आपण धरून चालतो. पण या मुलांत हृदयाचे जन्मजात दोष पुष्कळ, त्यातून गुठळी मेंदूत जाऊ शकते. शिवाय ‘मोयामोया’ नावाचा आजार इतरांपेक्षा यांना जास्त होतो. त्यात मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि भोवती बारीक वाहिन्यांचं जाळं वाढतं. तपासणीच्या चित्रात ते धुरासारखं दिसतं, म्हणून हे जपानी नाव. वेळीच कळलं तर शस्त्रक्रिया करता येते.

हातातली वाटी अचानक निसटली, एक पाय ओढला जाऊ लागला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर ‘हट्ट करतेय’ म्हणू नका. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तरी त्याच दिवशी, लगेच रुग्णालय गाठा. घड्याळात वेळ पाहून ठेवा, तोंडात पाणी घालू नका, मनानं ॲस्पिरिन देऊ नका. महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

वहिनींनी पुढच्या तपासणीची तारीख दुधाच्या हिशेबाशेजारी कॅलेंडरावर लिहून ठेवली आहे.