कपातला पावसाळा

ऑफिसच्या मशीनमधून येते ती नुसतीच ‘कॉफी’. पण स्वतःच्या खिशातून पैसे मोजणार असाल, तर पाकिटावरचं मुलखाचं नाव आधी वाचा. चवीचा सगळा फंडा तिथेच आहे! इथिओपियाची यिर्गाचेफे पहिल्यांदा प्यायलात तर वाटेल, कुणी कोऱ्या चहात लिंबू पिळलंय की काय. वर फुलांचा मंद वास. तिच्यात दूध घालू नका, प्लीज. सुमात्राची अगदी उलट, जड आणि मातकट. तिथे बिया ओलसर असतानाच त्यांचं टरफल काढतात, त्याचा हा परिणाम.

आणि आपल्याकडची मान्सून्ड मलबार? पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला पोचायला कॉफीला कित्येक महिने लागायचे. दमट हवेने बिया फुगायच्या, पिवळट पडायच्या, आंबटपणा निघून जायचा. तिकडच्या मंडळींना नेमकी तीच चव आवडली! १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, वाफेची जहाजं आली, प्रवास आटोपशीर झाला आणि चव गायब. मग किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळाभर बिया पसरून त्यांना मुद्दाम दमट वारं खाऊ घालायला लागले. मंगळूरकडे अजूनही तसंच करतात. हिच्यात मात्र दूध बिनधास्त घाला, तिचा दम कमी होत नाही.