गेट नसलेल्या कामगारांची युनियन

युनियन म्हटलं की आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या कपाळाला आठी पडते. 'ते शहरातल्या पगारदाराचं काम, आपला काय संबंध?' असं राजूरच्या बाजारात कोणीही ऐकवील. शेतकरी बंधूंनो, हा समज आता परवडणारा नाही. ज्या घरात कापूस पिकतो, त्याच घरातला एक पोरगा जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली असतो. भावकीतलं एखादं जोडपं दसरा झाला की कोयता घेऊन ऊसतोडीला निघतं. शेतकरी कुठं संपतो आणि कामगार कुठं सुरू होतो, हे आता घरातल्या माणसालाही सांगता येत नाही.

कापसाचंच घ्या. अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. कापड उद्योगाला स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमकी आपली वेचणी चालू असताना! लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ८११० रुपये जाहीर होता, पण बाहेरची गाठ मोकळी झाल्यावर व्यापारी कशाला हात सैल सोडतो? त्याला जाब विचारा, तो म्हणतो, 'भाव माझ्या हातात नाही.' आणि त्याचं ते म्हणणं पुष्कळसं खरंही असतं. भांडायला समोर मालकच नाही, ही आजची गत आहे.

जुन्या युनियनला गेट होतं आणि गेटाच्या आत मालक होता. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढं काय झालं ते सांगायला नको. काम यंत्रमागाकडं गेलं, गिरणीपेक्षा गिरणीची जमीन मोलाची ठरली, आणि कामगार गेटाबाहेर राहिला तो राहिलाच. युनियनवाल्यांनी त्यातून एक गोष्ट फार उशिरा घेतली. कायम कामगारांचा पगार राखताना ठेकेदाराकडच्या पोरांकडं त्यांनी पाहिलंच नाही. आज कारखान्यात तीच पोरं जास्त आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. वाटाघाटीला बसणारी एकमेव युनियन म्हणून मान्यता हवी तर ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा दाखवावा लागतो आणि संपाआधी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. ज्याचं नाव हजेरीपटावरच नाही त्याचा पाठिंबा मोजायचा कसा, हे कोणी सांगत नाही.

मग अशा काळात युनियन चालते तरी कुठं? आमच्या मते ती ऊसतोडीत पाहावी. तोडणाऱ्याला मालक नाही. कारखाना म्हणतो, 'मुकादमाची माणसं.' मुकादम म्हणतो, 'मी नुसती उचल दिली.' फड आज इथं, उद्या कर्नाटकात. तरीही साऱ्या राज्याचा तोडणीचा दर साखर संघासमोर बसून ठरतो. जानेवारी २०२४ मध्ये संघटनांनी तो टनाला २७३ रुपयांवरून ३६६ वर नेला, म्हणजे ३४ टक्के वाढ. तोडणी यंत्राला टनामागे जास्त पैसे देता, मग माणसाला कमी का, हा त्यांचा सवाल होता आणि त्याला उत्तर नव्हतं.

इथं ऊस लावणारे म्हणतील, 'ते पैसे आमच्याच बिलातून कापले जातात!' बरोबर आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा करूनच उसाचं बिल हातात येतं, त्यामुळं मजुराची वाढ शेतकऱ्याला सलते. पण कारखान्याला ही भांडणं सोयीची आहेत, हेही पाहा. ऊसदराचं आंदोलन आणि मजुरीचा संप हंगामाच्या तोंडावर होतात, एकाच कारखानदारीपुढं होतात, आणि दोघंही वेगवेगळ्या दारानं आत जातात. हिशेब मात्र एकच आहे. साखर, मळी, इथेनॉल यांचं मिळून काय आलं, हा आकडा दोघांनी मिळून मागितला तर निदान बोलणी खऱ्या रकमेवर होतील.

जग बदललं त्याचा एक फायदाही आहे. मार्च २०२४ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने महाराष्ट्रातल्या ऊसतोड बायकांचे हाल छापले, उचलीच्या कर्जापासून गर्भाशय काढण्यापर्यंत सगळे. ही साखर शीतपेयांच्या जगभरच्या कंपन्या घेतात, म्हणून प्रश्न त्यांच्या दारात गेला. मुकादमापाशी जे बोलायची सोय नाही, ते आता खरेदीदारापाशी बोलता येतं. पण तिथंही पहिला सवाल हाच येतो की कामगार कोण, किती, आणि कागद कुठं आहे.

आणि कागद गावात आहे. ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच मंडळींनी इथं जरा कान द्यावा. ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र देण्याचं काम शासनाने ग्रामसेवकाकडं दिलेलं आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे वर्गणी घ्यायची तरतूद आहे. ओळखपत्र नसेल तर त्या योजनांपर्यंत माणूस पोचणार कसा? बीडइतके नसतील, पण आपल्या जालना जिल्ह्यातूनही कोयते जातात. यादी करायची ती दसऱ्याच्या आधीच्या ग्रामसभेत करा, कारण नंतर गावात दारं बंद असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, म्हणून ओळखपत्रं दोन करा. उचल नवऱ्याच्या नावानं आणि मोळी बायकोच्या डोक्यावर, असा प्रकार कागदावर तरी नको. एमआयडीसीत जाणाऱ्या पोरांची यादीही त्याच बैठकीत होऊ शकते: ठेकेदार कोण, भविष्य निर्वाह निधी कापतो का, भट्टीजवळ काम असेल तर विमा आहे का. जालन्याच्या पोलाद कारखान्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये भट्टीवर स्फोट होऊन कामगार भाजले, ती बातमी तुम्ही वाचली असेल. आपल्या गावचा पोरगा कुठल्या भट्टीवर आहे, हे त्या दिवशी किती सरपंचांना सांगता आलं असतं?