खाटेपाशी सुरू होणारा विमा

प्रधानमंत्री जनआरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत सुरू झाली. २०२४ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना तिच्यात सामावून घेण्यात आले आणि २०२५ मध्ये दिल्लीही सामील झाली. योजनेचा विस्तार निर्विवाद आहे. मात्र आजार ओळखण्याचा खर्च कोणी करायचा, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच आहे.

कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळते, ते रुग्ण दाखल झाल्यास. दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांतील तपासण्याच पॅकेजमध्ये धरल्या जातात. कर्करोगाचे निदान इतक्या घाईत क्वचितच होते. उपचारांच्या पूर्वमंजुरीसाठी मात्र निदानाचे अहवाल हवेत. थोडक्यात, विम्याच्या दारापर्यंतची वाट गरिबाने स्वखर्चाने चालायची.

राजधानीत ही विसंगती अधिक बोचते. सीजीएचएसचे कार्ड बाळगणारा केंद्रीय कर्मचारी दाखल न होताही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तपासण्या करून घेतो. त्याच्या वसाहतीत राबणाऱ्या स्थलांतरित मजुराचे कार्ड परराज्यातही चालते खरे, पण खाटेपुरतेच.

यावर सरकारपाशी उत्तर आहे. २०१५ पासून मोफत निदान सेवा योजना असून तिच्या यादीत उपकेंद्रासाठी १४, प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी ६३ आणि जिल्हा रुग्णालयासाठी १३४ तपासण्या आहेत. परंतु यादी म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. तंत्रज्ञ आणि रसायने नसतील तर चिठ्ठी खासगी लॅबकडेच वळते. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने केंद्र निधीकडे, तर राज्ये निधीच्या अपुरेपणाकडे बोट दाखवतात. २०२१-२२ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के भार लोकांनी थेट खिशातून उचलला.

तपासण्या विम्यात आणल्यास अनावश्यक चाचण्यांचे पेव फुटेल, ही भीती निराधार नाही. म्हणूनच सरसकट मुभा नको. सरकारी डॉक्टरांची शिफारस, मर्यादित यादी आणि निश्चित दर एवढ्या चौकटीत सुरुवात करता येईल. थायलंडने २००२ मध्ये सार्वत्रिक योजना आणताना बाह्यरुग्ण सेवेचा त्यात समावेश केला आणि त्यासाठी माणशी ठराविक रक्कम देण्याची पद्धत स्वीकारली, हे उदाहरण समोर आहे.

कार्डवाटपाचे सोहळे होतात. वेळेवर झालेल्या रक्ततपासणीचा सोहळा होत नाही. निवडणुकीच्या राजकारणाला पहिले सोयीचे असले, तरी उशिरा उमगलेल्या आजाराचे मोठे बिल अखेर त्याच तिजोरीवर येते. योजनेची व्याप्ती वाढवून झाली. आता तिचा आरंभबिंदू अलीकडे आणायला हवा.