चाळणी कोणाच्या हाती?

कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या आमच्या मुलामुलींपुढे आज संधींच्या जाहिरातींचा महापूर लोटला आहे. वकिलाच्या कचेरीतील उमेदवारी, अभिरूप न्यायालयाच्या व निबंधांच्या स्पर्धा, प्रमाणपत्रांचे अल्पकालीन वर्ग, या साऱ्यांच्या जाहिराती एकत्र प्रसिद्ध करणारे मंच निघाले आहेत. जाहिराती पारखून घेतो, असे त्यांचे चालक सांगतात. पण कोणत्या कसोटीवर, हे फार थोडे जण उघड करतात. माझा आक्षेप या मौनावर आहे.

ही बाब क्षुल्लक नव्हे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे उमेदवारी सक्तीची आहे. ज्याचा बाप किंवा मामा वकील, त्याला ती घरबसल्या मिळते. ज्याच्या घरचे लोक कोर्टाची पायरी चढले ते केवळ पक्षकार वा आरोपी म्हणून, त्याला जाहिरातीवाचून दुसरा वाटाड्या नाही. चाळणीला भोक पडले तर पहिला बळी त्याचाच जातो.

ज्या मंचाची मिळकत जाहिरातदारावर अवलंबून असते, तेथे पारखणाऱ्याचे पोट पारखल्या जाणाऱ्याच्या हाती असते. पत्ता आहे, अंतिम तारीख आहे, एवढे पाहून शिक्का मारणे याला कारकुनी म्हणतात. खरी पारख चार प्रश्नांनी होते. उमेदवारी करणाऱ्याकडूनच पैसे मागितले जात आहेत काय? विद्यावेतन किती, हे स्पष्ट आहे काय? शुल्क परत मिळण्याची अट लेखी आहे काय? आणि कायद्याची पदवी देऊ पाहणारी संस्था बार कौन्सिलच्या मान्य यादीत आहे काय? ही यादी सर्वांस खुली आहे.

चालक म्हणतील, "आम्ही केवळ प्रसिद्ध करतो, जबाबदारी जाहिरातदाराची." त्यांनी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम २१ वाचावे. दिशाभूल करणारी जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्यासही त्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात प्रसिद्धी झाली, असे सिद्ध करणाऱ्याला त्याच कलमात सूटही आहे, हे मी जाणतो. परंतु 'पारखून घेतले' या शब्दांवर विश्वास कमवावयाचा आणि अंगाशी येताच साध्या छापखानदाराच्या आड दडावयाचे, हे कोणत्या नीतीत बसते?

अधिवक्ता कायद्याने सनदेचे शुल्क ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये ठरविले आहे. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून धर्मांतरित झालेले बौद्धही त्या यादीत आले. याहून अधिक रक्कम राज्य बार कौन्सिलांना उकळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला. पैशाने दार अडविणे समतेच्या विरुद्ध ठरविले. तो निर्णय खाजगी जाहिरातींस लागू नाही, हे खरे. पण महाद्वारावर जो अन्याय थांबला, तो लहान दारांवर का सोसावा?

म्हणून पालकांनो, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे आल्याखेरीज एक पैसाही देऊ नका. आणि विद्यार्थ्यांनो, संघटित होऊन प्रत्येक मंचाकडे मागणी करा: तुमच्या कसोट्या जाहीर करा, आणि कोणत्या कारणाने किती जाहिराती नाकारल्या तेही सांगा. जी चाळणी काहीच अडवीत नाही, तिला चाळणी म्हणू नये.