कंट्रोल कुणाच्या हातात?

शनिवार सकाळ, मुक्काम पौड. पाऊस असा लागलाय की समोरचा डोंगर दिसत नाहीये. चहा झालाय, लाइट आहे (हे लिहून होईपर्यंत राहो रे बाबा). म्हणजे भांडायला उत्तम मुहूर्त. आजचं भांडण कीबोर्डवरच्या चार बटणांवरून आहे: कंट्रोल, ऑल्ट, विंडोज आणि कमांड. हसू नका, पुढे वाचा.

माझ्या सॅकमध्ये सध्या दोन लॅपटॉप असतात. जुन्या प्रोजेक्टचा विंडोज अजून सुटलेला नाही आणि नव्या प्रोजेक्टचा मॅक गळ्यात पडलाय. हिंजवडीत दिवसभर या दोघांमध्ये उड्या मारायच्या. (ते चकचकीत आयटी पार्क कागदोपत्री आमच्या मुळशी तालुक्यातच येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. थोडक्यात, तालुका न सोडता मी दिवसातून दहा वेळा देश बदलतो.)

गेल्या महिन्यात एका रात्री मॅकवरून सर्व्हरवर डेटा मायग्रेशन चालू होतं. साडेतीन तास झाले होते. मध्येच एक वॉर्निंग दिसली. ती मित्राला पाठवावी म्हणून ओळ सिलेक्ट केली आणि कंट्रोल-सी दाबलं. विंडोजच्या टर्मिनलमध्ये मजकूर सिलेक्ट केलेला असेल तर कंट्रोल-सी म्हणजे कॉपी. मॅकवर कॉपी म्हणजे कमांड-सी. तिथे कंट्रोल-सी म्हणजे चालू प्रोग्रॅमला हुकूम, 'थांब'. तो थांबला. इमानेइतबारे थांबला. पहाटे चारपर्यंत मी अर्धवट भरलेली टेबलं निस्तरत बसलो होतो.

सोमवारी लीड म्हणाला, "अरे, लक्ष द्यायला हवं होतंस. होईल सवय."

माझं भांडण या दोन वाक्यांशी आहे.

पहिलं वाक्य, लक्ष. टायपिंग येणारा माणूस बटणांकडे लक्ष देत नाही, म्हणूनच त्याला टायपिंग येतं. माझी मावशी रेमिंग्टनच्या कळांवर मराठी टायपिंग शिकली, पुढे कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट शिकली. ती टाइप करताना खिडकीबाहेर बघते. तिच्यासाठी कळेवर काय छापलंय याला काडीची किंमत नाही, कळ कुठे आहे एवढंच खरं. बोट अक्षर शोधत नाही, जागा शोधतं. ती जागा मशीनगणिक बदलायची आणि वर 'लक्ष दे' म्हणायचं, म्हणजे घरातल्या जिन्याची एक पायरी रोज रात्री हलवायची आणि पडणाऱ्याला वेंधळा म्हणायचं!

दुसरं वाक्य, सवय. सवय एकाच गोष्टीची होते. दिवसातून दहा वेळा उलटसुलट होणाऱ्या गोष्टीची होत नाही, घोळ होतो.

आणि ही मांडणी काही वेदात सांगितलेली नाही, मंडळी. कंट्रोल ही टेलिप्रिंटरच्या जमान्यातली कळ. आस्कीमध्ये मोठ्या 'सी'चा आकडा ६७. कंट्रोल दाबलं की त्यातून ६४ वजा होतात, उरतात ३, आणि ३ म्हणजे 'मजकूर संपला' ही खूण. टर्मिनलमधलं 'थांब' आलं ते इथून. कॉपी-पेस्टचा त्याच्याशी काही संबंध नाही. ते झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि मंडळींनी घडवलं आणि ॲपलच्या लिसावर (१९८३) एक्स, सी, व्ही या कळांवर बसवलं. ॲपलने त्यासाठी वेगळी कळ ठेवली, तीच आजची कमांड. विंडोजने पुढे अक्षरं तीच घेतली, पण पीसीवर ती जादा कळ नव्हती, म्हणून सगळं कंट्रोलच्या गळ्यात मारलं. विंडोजची स्वतःची कळ आली १९९४ मध्ये, तोवर उशीर झाला होता.

बरं, ती कंट्रोल तरी जागेवर राहिली का? १९८१ च्या आयबीएम पीसीवर कंट्रोल होती 'ए'च्या डावीकडे, जिथे आज कॅप्स लॉक पाय पसरून बसलाय. त्याच दशकाच्या मध्यात आलेल्या १०१ कळांच्या कीबोर्डने तिला खालच्या कोपऱ्यात ढकललं. मॅकच्या लॅपटॉपवर कोपऱ्यात फंक्शन असते, थिंकपॅडवरही कित्येक वर्षं तसंच होतं. मॅकला पीसीचा कीबोर्ड लावलात तर ऑप्शन आणि कमांड यांची अदलाबदल होते. म्हणजे बनवणाऱ्यांनी वाटेल तेव्हा कळा हलवल्या. आपण दोन हलवायच्या म्हटलं की मात्र आपण नखरेल!

यात आपल्या मराठीची आणखी एक गंमत आहे. इंग्रजीत शिफ्ट चुकली तर मोठ्या अक्षराच्या जागी छोटं येतं, अर्थ बदलत नाही. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट चुकली तर अक्षरच बदलतं. 'क'च्या कळेवर शिफ्टला 'ख', 'ग'वर 'घ', 'प'वर 'फ', आणि 'ल'वर 'ळ'. बोट हुकलं की 'वेळ'ची 'वेल' होते. इतकी सुंदर, डोकं लावून केलेली मांडणी आहे ती! पण ती गाठायला भाषा बदलावी लागते. विंडोजवर त्यासाठी विंडोज-स्पेस, मॅकवर कंट्रोल-स्पेस. आता मॅकवर कंट्रोल आणि कमांडची अदलाबदल करून पाहा. सवयीने कंट्रोल-स्पेस दाबता, ते पोचतं कमांड-स्पेस म्हणून, आणि उघडतो स्पॉटलाइट. मराठीत लिहायला घेतलेलं वाक्य रोमन गिचमिड होऊन सर्चच्या चौकटीत. जो फक्त इंग्रजीत लिहितो त्याला हे दुखणं ठाऊकच नसतं, म्हणून कुणी त्याचा विचारही करत नाही.

यावर उपाय नाही असं नाही. मॅकवर सेटिंगमध्ये, कीबोर्ड शॉर्टकटच्या खाली, मॉडिफायर कळांचं पान आहे. तिथे प्रत्येक कीबोर्डसाठी वेगळी मांडणी ठरवता येते, ॲडमिन लागत नाही. लिनक्सवर हे पर्याय डेस्कटॉपच्या मांडणीतच असतात. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचंच फुकट पॉवरटॉइज आहे, नाहीतर रजिस्ट्रीत 'स्कॅनकोड मॅप' नावाची एक नोंद करायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं.

त्या रात्रीनंतर मी आमच्या सपोर्टकडे विनंती टाकली. उत्तर आलं, "पॉलिसीत बसत नाही." कारण विचारलं तर, "सिक्युरिटी." विनंती बंद.

आता इथे मी प्रामाणिकपणे त्यांची बाजू मांडतो. कळा बदलणारं सॉफ्टवेअर प्रत्येक कळ वाचतं, चोरही नेमकं तेच करतो. कुठलंही अनोळखी सॉफ्टवेअर कुणी टाकू नये, हा नियम बरोबरच आहे. पण रजिस्ट्रीतली नोंद काहीच वाचत नाही. तिथे कुठलाही प्रोग्रॅम चालत नाही, फक्त 'ही कळ म्हणजे ती कळ' एवढं लिहिलेलं असतं. सपोर्टच्या माणसाला ते स्वतः करायला दोन मिनिटं लागतात. म्हणजे नकार सिक्युरिटीसाठी नव्हता, कंटाळ्यासाठी होता. सिक्युरिटीच्या नावाने कंटाळा खपवला की खऱ्या सिक्युरिटीचीही पत जाते, हे या लोकांना कधी कळणार?

दुसरा आक्षेप मित्रांचा: "तुझ्या मशीनवर आम्ही बसलो तर?" रास्त प्रश्न. म्हणूनच मी शेवटी मांडणी मशीनमध्ये ठेवलीच नाही. स्वतःच्या पैशाने एक कीबोर्ड घेतला, ज्याच्या आतल्या चिपमध्येच कळा ठरवता येतात. बाजूला विंडोज आणि मॅक यांच्यासाठी एक खटका आहे. कॉपी दोन्हीकडे स्पेसबारशेजारी, अंगठ्याखाली. त्या जागेवरून मॅकला कमांड जाते, विंडोजला कंट्रोल. कॅप्स लॉकच्या जागी दोन्हीकडे कंट्रोल. टर्मिनल थांबवायचं ते तिथून. भाषा बदलायला एक वेगळी कळ, जी ज्याला जे हवं ते पाठवते. मित्र आला की वायर काढायची, लॅपटॉपच्या कळा जशाच्या तशा. करंगळी कोपऱ्यात ताणून संध्याकाळी मनगट ठणकायचं, तेही कमी झालं.

फुकट मिळालं नाही हे. विंडोजवर ऑल्ट-टॅबची ऑल्ट आता एक घर डावीकडे गेलीय. पहिले दहा दिवस मी शिव्या घालत होतो. आणि विंडोजच्या टर्मिनलमध्ये काही सिलेक्ट न करता अंगठ्याने कॉपी दाबलं तर प्रोग्रॅम आजही थांबेल. पण दहा दिवसांची सवय एकदाच करायची होती, रोज नव्याने नाही. फरक तो एवढाच.

माझं रडगाणं संपलं, कारण मला खिशातून पैसे घालता आले. नव्याने लागलेल्या फ्रेशरने काय करायचं? ज्याचा एक हात दुखावलाय त्याने काय करायचं? कंपनी जॉइन करताना आपल्याला टी-शर्टचा साइज विचारतात. बॅग, बाटली, मग सगळं मिळतं. 'कीबोर्डची मांडणी काय हवी?' हा एक प्रश्न त्या फॉर्ममध्ये घालायला काय जातं? आपण रोज आठ-नऊ तास ज्या वस्तूवर बोटं आपटतो, तिच्यावर आपला एवढाही हक्क नसावा?

तेव्हा सोमवारी ऑफिसात गेलात की तुमच्या सपोर्टला एक विनंती टाका. नकार आला तर लेखी कारण मागा. एकट्याची विनंती बंद करता येते, पन्नास जणांच्या करता येत नाहीत. आणि कुणी 'होईल सवय' म्हणालं, तर त्याला दिवसभर उलट्या हातात चपाती तोडून जेवायला सांगा. :)

लाइट गेली. बॅटरी अकरा टक्के. असो, पुरे.